खंडित खेळाची वाटणी

संभाव्यतेच्या गणिताचा जन्म जुगाऱ्यांच्या लोभातून झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु ज्या प्रश्नाने या शास्त्राला खरी चालना दिली, तो जिंकण्याचा नसून वाटणीचा होता: मध्येच थांबलेल्या खेळातील पैजेची रक्कम न्याय्य रीतीने कशी विभागावी?

लुका पाचोली याने 1494 मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेंडूच्या खेळाचे उदाहरण घेतले आहे. खेळ 60 गुणांचा, प्रत्येक फेरीस 10 गुण; एका पक्षाचे 50 व दुसऱ्याचे 20 झाले असता खेळ खंडित होतो. पाचोलीने रक्कम 5 : 2 या प्रमाणात वाटली. व्यापारी भागीदारीचाच हा हिशेब होय. त्यातील वैगुण्य तार्ताल्या याने 1556 मध्ये दाखविले. एका पक्षाचे 10 व दुसऱ्याचे शून्य गुण असतील, तर या नियमाने सर्व रक्कम पहिल्यासच मिळेल! तार्ताल्याने स्वतःचा निराळा नियम सुचविला खरा. तथापि हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा आहे, असेही त्याने नमूद केले. या अभिप्रायाची इतिहासकारांनी करावी तितकी कदर केलेली नाही.

कार्दानोला 1539 मध्येच खऱ्या दिशेची चाहूल लागली होती, पण त्याचा हिशेब चुकला. पास्काल व फर्मा यांनी 1654 च्या पत्रव्यवहारात झालेल्या फेऱ्यांऐवजी व्हावयाच्या फेऱ्या मोजल्या. दोघांनी प्रत्येकी 32 पिस्तोल नाणी लावली असून तीन डाव प्रथम जिंकणारा विजयी ठरावयाचा आहे, असे समजा. पहिल्याचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला आहे. पुढील डाव पहिल्याने जिंकल्यास त्याला 64 मिळतील. हरल्यास बरोबरी होऊन 32. म्हणजे 32 नाणी त्याची निश्चितच. उरलेल्या 32 चे अर्ध करावयाचे. वाटणी 48 व 16. हीच दृष्टी पाचोलीच्या उदाहरणास लावली, तर पिछाडीवरील पक्षास सलग चार फेऱ्या जिंकणे भाग आहे. पक्ष तुल्यबळ मानल्यास प्रमाण 15 : 1 येते.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये पावसाने हाच प्रश्न पुन्हा उभा केला. सरासरी धावगतीवर निकाल देणारा प्रारंभीचा नियम मूलतः पाचोलीच्याच वळणाचा होता. त्याच्या जागी आलेल्या नियमाने 22 मार्च 1992 रोजी सिडनी येथील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात अनर्थ केला: दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 धावा हव्या असता, पावसानंतर 1 चेंडूत 21 धावा करावयाच्या राहिल्या. 1997 पासून योजिलेल्या डकवर्थ-लुईस पद्धतीत मात्र उरलेली षटके आणि शिल्लक गडी या दोहोंचे मूल्य एकत्र मोजले जाते.