तोतया आणि त्याचा नायक

गेल्या सुटींत आम्ही पिंपळगांव राजा येथें आप्तांकडे कांहीं दिवस राहिलों होतों. घरांतील एका मुलाच्या हातीं चित्रकथांचें पुस्तक होतें. त्यांत एक महापराक्रमी नायक आपल्याच तोंडवळ्याच्या व आपल्याच वेषाच्या दुष्टाशीं झुंजत होता. मुलानें पान आमच्यापुढें धरून विचारिलें, "काका, यांतला खरा कोणता?" शेवटचें पान उलटतांच उत्तर मिळालें. परंतु आमचें मन तेवढ्यानें शांत झालें नाहीं. कारण महाराष्ट्राच्या इतिहासांत हाच प्रश्न एकदां पंधरा वर्षें लोंबकळत होता, आणि तेथें शेवटचें पान उलटून पाहण्याची सोय नव्हती.

चित्रकथांतील तोतया जन्मला तो लेखकांच्या अडचणींतून. 1938 सालीं अमेरिकेंत सुपरमॅन अवतरला. अशा अजिंक्य वीरास तुल्यबळ शत्रु आणावयाचा कोठून? लेखकांनीं तो आरशांतून काढला. 1958 मध्यें एका यंत्राच्या किरणांतून त्याची ओबडधोबड प्रतिकृति निर्माण झाली. तिचें नांव बिझारो. 1964 मध्यें एक निराळी पृथ्वीच कल्पिण्यांत आली, जेथें ओळखीच्या वीरांचे प्रतिरूप असे सारे दुर्जनच नांदतात. 1975 मध्यें स्पायडरमॅनला त्याच्याच पेशींपासून बनविलेल्या दुसऱ्या स्पायडरमॅनशीं गांठ घालावी लागली. आमच्या पुराणांस ही युक्ति अपरिचित नाहीं. पौंड्रकानें कृत्रिम शंखचक्रें धारण केलीं, आणि खरा वासुदेव आपणच, तरी तूं हीं चिन्हें टाकून दे, असा निरोप श्रीकृष्णासच धाडिला! तथापि या सर्व कथांत वाचक निश्चिंत असतो. खरा नायक जिवंत असून समोर उभा आहे, हें त्याला ठाऊक असतें.

खरा नायक समोर नसेल तर काय होतें, हें पानिपतानंतर दिसून आलें. 14 जानेवारी 1761 रोजीं सदाशिवरावभाऊ गर्दींत शिरले आणि दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें लिहून ठेविलें आहे कीं, शिर नसलेलें एक धड भाऊंचें म्हणून ओळखण्यांत आलें व त्याचें दहन झालें. पण हें ओळखणें झालें परमुलखांत आणि शत्रूच्या छावणींत. पुण्याच्या माणसांनीं कांहींच पाहिलें नव्हतें. पत्नी पार्वतीबाई रणभूमीवरून परत आल्या, त्या कुंकू पुसण्यास तयार झाल्या नाहींत. 1783 मध्यें देह ठेवीपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच वावरल्या.

या संशयाच्या फटींतून सुखनिधान नांवाचा एक कनोजा ब्राह्मण पुढें आला. त्याचा चेहरा भाऊंशीं बराच जुळत असे, असें सांगतात. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी झाली, तोतया ठरला, आणि किल्ल्यांवर कैदेंत पडला. प्रकरण येथेंच संपावयास हवें होतें. परंतु 1776 मध्यें रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्याला बंधमुक्त करून "भाऊसाहेब" म्हणून पुढें आणिलें. पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, फौज जमली, आणि तो घांट चढून पुण्याच्या वाटेस लागला. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. पळतां पळतां तो आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास पुन्हां चौकशी होऊन त्याच वर्षीं त्याला देहान्त शासन झालें. याच प्रकरणावर न. चिं. केळकरांनीं नाटक लिहिलें, तें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच.

एकदां खोटा ठरलेला माणूस बारा वर्षांच्या आंत पुन्हां खरा कसा वाटूं लागला? लोक भोळे होते, हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. 1776 चें पुणें डोळ्यांपुढें आणावें. नारायणरावांचा 1773 मध्यें खून झालेला; त्यांत ज्यांचें नांव गोंवलें गेलें ते रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेलेले; गादीवर दोन वर्षांचें मूल. अशा वेळीं उमेदीच्या वयाचा, उदगीर जिंकणारा सेनापति परत यावा असें कोणास वाटलें नसेल? शिवाय पानिपतावर ज्यांचीं माणसें नाहींशीं झालीं, त्यांच्यापुढें अग्नि देण्यास देहही आला नव्हता. भाऊ परतूं शकतात, तर आपलाही मुलगा परतूं शकेल! तोतयाच्या झेंड्याखालीं सत्तालोभी अधिकारी होतेच. पण त्याच्या बंडास बळ आलें तें या अपुऱ्या राहिलेल्या शोकाचें.

नाना फडणीसांनीं केलें तें राज्यरक्षणासाठीं आवश्यकच होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु न्यायसभेनें "हा भाऊ नव्हे" इतकेंच सिद्ध केलें. "भाऊ गेले" हें तिला सिद्ध करतां आलें नाहीं. म्हणून तोतया मेल्यावरही पार्वतीबाईंचें कुंकू सात वर्षें तसेंच राहिलें.

पिंपळगांवास आम्ही असतां एके सकाळीं दारीं बहुरूपी आला. अंगावर फौजदाराचा पोषाख, मुद्रा उग्र. घरचीं लहान मुलें क्षणभर दचकलीं. मग त्यानें हंसून हात पुढें केला, पसाभर ज्वारी घेतली, आणि गेला. बहुरूपी शेवटीं आपलें सोंग स्वतःच उतरवितो, म्हणून तो निरुपद्रवी. तोतयाचें सोंग मात्र त्याच्या एकट्याच्या हातीं नसतें; तें उतरूं नये अशी इच्छा पाहणारांच्या मनांत दडलेली असते. चित्रकथेंतील नायकाचा जुळा यंत्रांतून येतो. भाऊंचा जुळा आमच्याच पूर्वजांच्या अंतःकरणांतून आला होता. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हीं त्याला हीच गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यानें खरा कोण हें पुन्हां विचारलें नाहीं. "मग त्या बाईंना कोणीं सांगितलें?" एवढेंच तो म्हणाला, आणि त्याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें.