परांची : ज्ञान कुणाचे, अधिकार कुणाचा?

इतिहास हा विषय मी गेली दहा वर्षे महाविद्यालयात शिकवतो आहे. आमच्या अभ्यासक्रमात इमारती पुष्कळ आहेत. किल्ले, वाडे, मंदिरे, इंग्रजांनी उभारलेली रेल्वे स्टेशने. त्या कुणी बांधविल्या हे विद्यार्थी पाठ करतात. ज्या परांचीवर उभे राहून माणसांनी त्या बांधल्या, तिचा उल्लेख कोणत्याही प्रकरणात येत नाही. काम संपले की परांची उतरवली जाते आणि ती बांधणाराचे नावही तिच्याबरोबर जाते. मी अशाच एका माणसाचा मुलगा आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी अभ्यासक्रमाबाहेरचा नाही.

माझे वडील उस्मानाबाद जिल्ह्यातून (आज त्याचे नाव धाराशिव आहे) पुण्याला आले ते मजुरी शोधत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. सुरुवातीला त्यांनी घमेली वाहिली, पुढे एका जुन्या माणसाच्या हाताखाली बांबू बांधायला शिकले. त्यांच्या मागोमाग माझे धाकटे चुलते आले. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. दोघे भाऊ वीस वर्षे या शहराच्या भिंतींना बाहेरून चिकटून जगले.

हे काम अडाण्याचे आहे असा पांढरपेशा समज आहे. तो खोटा आहे. बांबू घ्यायचा तो पक्का, न चिरलेला, न किडलेला. वडील तो ठोकून, आवाजावरून ओळखत. उभ्या बांबूचा पाय भुसभुशीत मातीत ठेवायचा नाही. काथ्याची दोरी उन्हापावसात कुजते, म्हणून पावसाळा सरला की जुन्या गाठी पुन्हा पाहायच्या. तिरपे बांबू दिल्याशिवाय चौकट डुलते. फळ्या दोन्ही टोकांना बांधायच्या, बाहेरच्या बाजूला कठडा घ्यायचा आणि पायाशी एक आडवी फळी लावायची, म्हणजे वीट किंवा हत्यार घसरून खालच्याच्या डोक्यात जात नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरावीक उंचीवर परांची इमारतीशी जखडून घ्यायची. हे बंध नसतील तर परांची आपल्या पायावर उभी राहत नाही. वाऱ्याने किंवा मालाच्या ओझ्याने ती भिंतीपासून सुटते आणि बाहेर कलते.

उतरवण्याची रीत याच्या बरोबर उलट आहे. जे शेवटी बांधले ते आधी सोडायचे. वरच्या मजल्याच्या फळ्या, मग कठडा, मग आडवे, मग उभे. इमारतीचे बंध त्या त्या मजल्यापर्यंत आल्यावरच सोडायचे, त्याआधी नाही. सोडलेला माल खालच्या फळ्यांवर रचायचा नाही आणि वरून फेकायचाही नाही, दोरीने खाली सोडायचा. खाली कुणी फिरकणार नाही अशी आडकाठी घालायची. वडील म्हणत, "बांधताना समदी बघत्यात, उतरवताना कोन बघत न्हाय." त्यांच्या या एका वाक्यात धंद्याचे अर्थशास्त्र आहे. परांची बांधली जाते तेव्हा पुढचे काम तिच्यावर अवलंबून असते. ती उतरते तेव्हा काम झालेले असते, बिल निघालेले असते, आणि कंत्राटदाराला बांबू दुसऱ्या कामावर हवे असतात. म्हणून उतरवण्याला दिवस मिळत नाहीत, माणसे मिळत नाहीत, निगराणी तर नाहीच.

तात्या गेले ते २००४ साली, परांची उतरवतानाच. मी तेव्हा नववीत होतो. खालच्या दोन मजल्यांना खिडक्या बसवायच्या होत्या आणि इमारतीचे बंध त्याच खिडक्यांतून घेतलेले होते. ते आधी काढा असा वरून हुकूम आला. वडील म्हणाले, "साहेब, खालचं सोडलं तर वरचं ऱ्हायचं न्हाय." साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवले. बंध निघाले. दुसऱ्या दिवशी तात्या वरच्या फळ्या सोडायला चढले आणि सारी परांची बाहेर कलली. हजेरीच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. कागदावर आले ते एवढेच, की मजूर स्वतःच्या निष्काळजीपणाने पडला. चुलतीच्या हातात काही नोटा ठेवल्या गेल्या आणि एका कागदावर वडिलांचा अंगठा घेतला गेला.

बी.ए.ला असताना मी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा पहिल्यांदा वाचला. त्यात स्पष्ट आहे की मजुराने मुद्दाम नियम मोडला हा मालकाचा बचाव मृत्यूच्या प्रकरणात चालत नाही. कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते हेही त्यात आहे. आणि दाव्याची मुदत दोन वर्षे होती. ती केव्हाच उलटून गेली होती. आमच्या घरात कायदा वाचू शकणारा पहिला माणूस तयार व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, इतकाच आमचा अपराध.

पण भावनेपाशी थांबून भागणार नाही. या कायद्यांचा क्रम पाहिला पाहिजे. १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणत्या बांधकामावरचा मजूर 'कामगार' धरायचा ते दिले आहे. इमारत एका मजल्याहून उंच असावी, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत १२ फूट असावी. म्हणजे कायद्याने आमच्या माणसाला प्रथम ओळखले ते किती उंचावरून पडू शकतो यावरून. त्याच्या हातातल्या विद्येला त्या परिशिष्टात जागा नव्हती.

विद्येचा प्रश्न आला तो १९३७ साली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या बासष्टाव्या करारात. परांची बांधणे, उतरवणे किंवा तिच्यात मोठा बदल करणे हे सक्षम आणि जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि शक्यतो या कामाचा पुरेसा अनुभव असलेल्या कामगारांनीच ते करावे, असे त्यात आहे. बांधणे आणि उतरवणे यांना तेथे सारखाच मान आहे. भारताने या कराराला कधी मान्यता दिली नाही. याच विषयावर १९८८ साली आलेल्या नव्या करारालाही दिलेली नाही.

येथे दोन जुन्या गोष्टी आठवाव्या लागतात. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. १८७३ च्या 'गुलामगिरी'च्या अखेरीस त्यांनी इंजिनियर खात्यातील कारभारावर पवाडा जोडला आहे. मजुराचा घाम आणि कारकुनाचा कागद यांचे नाते त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत येत असे. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडताना त्यांनी सरकारी कंत्राटांचाही हिशेब मांडला. या खात्याच्या हजाराहून अधिक कंत्राटदारांत अस्पृश्य समाजाचा कंत्राटदार एक होता. घमेली वाहणारे आमचे किती होते हे मोजण्याची गरज त्या काळी कुणालाच वाटली नसेल.

स्वातंत्र्यानंतर तांत्रिक ज्ञान वाढले. परांचीच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक १९६६ साली निघाले, १९८७ साली ते सुधारले गेले. पण मानक हा इंजिनियरच्या कपाटातला ग्रंथ. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हायला १९९६ साल उजाडले. त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे. महाराष्ट्राने आपले नियम केले ते २००७ साली. तात्या गेले २००४ साली, म्हणजे कायदा होता आणि त्याचे हातपाय या राज्यात अजून फुटायचे होते.

१९९८ च्या नियमांनी सांगितले की परांची जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीशिवाय बांधायची नाही, बदलायची नाही, उतरवायची नाही. ही जबाबदार व्यक्ती कोण? मालकाने नेमलेली, जिच्याकडे पुरेसे ज्ञान आहे, अनुभव आहे आणि आवश्यक तो अधिकार आहे. ही व्याख्या मी माझ्या वडिलांशी ताडून पाहिली. ज्ञान होते. अनुभव वीस वर्षांचा होता. अधिकार नव्हता. आणि ज्याच्या हातात अधिकार होता त्याला बंध म्हणजे खिडकीतला अडथळा वाटला.

माझ्या मते सगळा प्रश्न येथे आहे. परांची पडते ती बांबू मोडतो म्हणून कमी आणि 'थांबा' म्हणण्याची सत्ता नसलेल्या माणसाला सत्य माहीत असते म्हणून अधिक. जाणणारा आणि सांगणारा यांची ही फारकत आपल्याला नवी नाही. जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. हाताने जाणणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचेच नाही, हा तिचा पहिला नियम. बांधकामाच्या जागी आज कुणी जात विचारत नाही असे सांगितले जाते. विचारण्याची गरज नाही. नाक्यावर उभे राहणारे वडार, लमाण, मांग, महार, आदिवासी आणि परप्रांतातून आलेले त्यांचेच भाऊबंद कोणत्या पायरीवर उभे आहेत ते दिसतेच.

यावर कुणी म्हणेल की बांबूची विद्या जुनाट आहे, आता लोखंडी नळ्या आल्या. नळ्या आल्या हे चांगलेच झाले. पण बंध आधी सोडले तर लोखंडी परांचीही कलतेच. आणि बांबूची विद्या प्रतिष्ठेला अपात्र असते असेही नाही. हाँगकाँगमध्ये बांबूची परांची बांधणाऱ्याला प्रशिक्षण आहे, परीक्षा आहे, नोंदणी आहे. २०१४ साली तेथील सांस्कृतिक वारशाच्या यादीत या कलेची नोंद झाली. तेथेही माणसे पडतात. पण बांधणारा तेथे निदान कारागीर म्हणून ओळखला जातो.

आमच्याकडे काय झाले? १९९६ च्या उपकरातून मजुरांच्या कल्याणासाठी पैसा जमला. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक जमा झाले आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. नोंदणीसाठी मजुराकडून ९० दिवस काम केल्याचा दाखला मागितला जातो, आणि ज्याची हजेरीच मांडली जात नाही त्याने तो आणायचा कुठून? २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. स्वतःच्या राहत्या घराचे बांधकाम सुरक्षेच्या कायद्यातून वगळण्याची मर्यादा पूर्वी १० लाख रुपये खर्चाची होती. ती आता ५० लाखांची झाली. छोट्या घराच्या परांचीवरून पडणारा माणूस मात्र पूर्वीइतक्याच जोरात जमिनीवर येतो.

म्हणून नुकसानभरपाई वाढवा एवढ्यावर आपण समाधान मानू नये. भरपाई ही पडल्यानंतरची गोष्ट आहे. मागणी करायची ती पडण्याआधीची. परांची बांधणाराचे नाव हजेरीत कुशल कारागीर म्हणून लागले पाहिजे. उतरवण्याचे काम कंत्राटात वेगळे धरून त्याला स्वतःचे दिवस आणि दाम मिळाले पाहिजेत. आणि बंध तपासणाऱ्या कारागिराने 'थांबा' म्हटले तर काम थांबले पाहिजे, त्याची त्या दिवसाची मजुरी न कापता. हा तिसरा अधिकार मिळाला नाही तर पहिले दोन कागदावरच राहतील.

आपल्यापैकी जे शिकवतात आणि शिकतात त्यांनी आणखी एक काम करावे. माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, की घरी जाऊन आईबापांना त्यांचे काम विचारा आणि जसे सांगतील तसे लिहून आणा. पहिल्या वर्षी एका मुलीने गवंड्याच्या हाताखालच्या आपल्या आईचे काम सहा पाने भरून लिहिले. वडिलांचे सांगणे मीही आता वहीत उतरवून घेतो आहे. त्यातल्या उतरवणीच्या पानावर त्यांनी मला एक वाक्य दोनदा लिहायला लावले : खालचा बंध शेवटी.