पाण्याचा पहिला घोट

भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना नातेवाइकांचा एक प्रश्न मला हमखास ऐकू येई, "डॉक्टर, श्वासाची नळी काढली ना? मग पाणी कधी द्यायचं?" तहानलेल्याला पाणी देणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. पण भूलशास्त्राच्या अगदी सुरुवातीलाच या पाण्यावरून मोठा वाद झाला होता.

२८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीला पायाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला. ती पांढरीफटक पडली. घाबरून तिच्या तोंडावर पाणी मारलं, तोंडात ब्रँडी घातली. काही मिनिटांतच ती गेली. चौकशीत दोष क्लोरोफॉर्मवर आला. क्लोरोफॉर्म रूढ करणारे जेम्स सिम्पसन यांचं म्हणणं वेगळं होतं. बेशुद्ध मुलीला गिळता येत नव्हतं, त्या पाण्याने आणि ब्रँडीनेच ती गुदमरली, असं ते म्हणत. वाद मिटला नाही; पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, हा धडा मात्र खरा होता.

पुढे १८७८ साली ग्लासगोत विल्यम मॅकएवन यांनी जिभेच्या मुळाशी कर्करोग असलेल्या रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली. शस्त्रक्रियेतलं रक्त फुप्फुसात उतरू नये, हा हेतू. म्हणजे ही नळी मुळात राखणदार! मात्र हाच राखणदार बरेच दिवस घशात राहिला, तर घसा बधिर होतो, स्नायू दुबळे पडतात, गिळण्याची लय बिघडते. अशा वेळी पाणी श्वासनलिकेत गेलं तरी काहींना ठसकासुद्धा लागत नाही आणि न्यूमोनिया होतो.

म्हणून सगळ्यांना लागू पडेल असा तासांचा हिशेब नाही. छोट्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण जागा झाला, नीट खोकू लागला, की डॉक्टर बहुधा लवकरच घोटभर पाण्याला परवानगी देतात. नळी दोन दिवसांहून जास्त राहिली असेल, तर आधी गिळणं तपासतात. १९९२ साली पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ९० मिलिलिटर पाणी न थांबता पिण्याची चाचणी मांडली गेली. खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला, तर थांबायचं. नळी काढलेल्यांसाठीही ती वापरतात. पण ती जाणकारांच्या देखरेखीखालीच.

तोवर नर्सला विचारून ओल्या कापसाने ओठ पुसावेत. चमचा मात्र परवानगी मिळाल्यावरच उचलावा.