मराठवाड्यांतील बालशिक्षिकांचीं अभ्यासमंडळें व त्यांचे कागद

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या संशोधकांच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, कैफियती आणि बखरी उभ्या राहतात. शाळेंतील वह्या, आणि त्यांतहि तीन ते सहा वर्षांच्या मुलांस सांभाळणाऱ्या बायांच्या वह्या, ह्या साधनांत मोडतात हें पुष्कळांस पटावयाचें नाहीं. तथापि गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांत बालशिक्षणाचा जो नवा विचार रुजला, त्याचा प्रत्यक्ष इतिहास छापील ग्रंथांपेक्षां अशा वह्यांतच अधिक आहे, असें आमचें मत आहे. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरतें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

मूल आपण होऊन जें काम निवडतें त्यांतूनच तें शिकतें. शिक्षकानें तें काम लक्षपूर्वक पाहावें, लागेल तें साहित्य हाताशीं ठेवावें आणि एरव्हीं आड येऊं नये, हें ह्या विचाराचें सार होय. डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह उघडलें. गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२० सालीं भावनगर येथें दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर स्थापिलें. पुढें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. ह्या मंडळींनीं केवळ शाळा काढल्या नाहींत. त्यांनीं ‘शिक्षणपत्रिका’ चालविली, तिच्या मराठी आवृत्तीचें संपादन ताराबाईंनीं केलें, आणि शिक्षकांस एकत्र आणण्याचे उद्योग केले.

ह्याचें कारण पद्धतींतच आहे. पाठ आधीं ठरलेला असेल तेथें शिक्षकास पुस्तक पुरतें. परंतु जेथें मुलाच्या वागण्यावरून पुढचें पाऊल ठरवावयाचें, तेथें एकटीचा अनुभव तोकडा पडतो. चौघींनीं आपापलीं निरीक्षणें एकमेकींस वाचून दाखवावीं, तेव्हां कोठें नियम हातीं लागतो. बोर्डीचा दाखला पाहावा. तेथें १९४५ सालीं ताराबाईंनीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. महाग साहित्याच्या जागीं शंख, शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. ही युक्ति रोमच्या ग्रंथांतली नव्हे. मुलांस पाहून ती सुचली.

हें सर्व चाललें असतां मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि ‘गश्ती निशाण ५३’ ह्या हुकुमान्वयें सार्वजनिक सभेस सरकारची पूर्वपरवानगी लागे. ज्या मुलखांत लोकांनीं एकत्र जमणेंच संशयास पात्र, तेथें शिक्षकांचीं मंडळें सहजीं कशीं वाढावीं? १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा अडसर दूर झाला. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या विस्ताराबरोबर अंगणवाडी खेडोपाडीं पोंचली, आणि पर्यवेक्षिकेच्या देखरेखीखालीं होणारी सेविकांची मासिक बैठक हेंच पुष्कळ ठिकाणीं अभ्यासमंडळाचें बीज ठरलें.

ह्या कागदांच्या शोधास निघणाऱ्यानें जिल्ह्यांच्या जुन्या सीमा ध्यानांत ठेवाव्या. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून, म्हणजे आजच्या धाराशिवांतून, वेगळा झाला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होते, तर किनवट आदिलाबादेंत होता. तेव्हां जुनीं शालेय दप्तरें आजच्या जिल्ह्याच्या ठाण्यींच सांपडतील असें समजूं नये. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले असतां स्थूलमानानें इसवी सन येतो.

वही हातीं आल्यावर ती पारखावी कशी? नांवाचें अभ्यासमंडळ आणि कामाचें अभ्यासमंडळ ह्यांतील भेद अंतर्गत पुराव्यावरून ओळखतां येतो. हजेरी, वजन व आहार एवढेंच ज्या पानावर आहे तें पान कारभाराचें. सर्व मुलांस अमुक अक्षर शिकविलें असें जेथें लिहिलें आहे, तेथें शिक्षिका पुढें असून मूल मागें आहे. परंतु एखाद्या मुलीनें चिंचोके सोडून पाण्याचें भांडें घेतलें, बराच वेळ ओतणें चालविलें, आणि दुसऱ्या दिवशीं म्हणून दोन भांडीं ठेविलीं, अशा धर्तीची नोंद मिळाली, तर मुलाची निवड, शिक्षिकेचें निरीक्षण व त्यावरून बदललेलें काम हीं तिन्हीं एका ठिकाणीं सांपडलीं असें समजावें. ती नोंद बैठकींत वाचली गेल्याचा उल्लेख असेल, तर तिचें मोल अधिकच.

भाषेचीहि एक खूण आहे. किनवटाकडे गोंडी, कोलामी व बंजारा बोली, देगलुराकडे तेलुगु, उदगिराकडे कानडी अशा भाषा कानीं पडतात. वही बहुधा मराठींतच असावयाची. पण मुलाचा घरचा शब्द जिनें देवनागरींत जसाच्या तसा टिपला, तिनें त्याचें म्हणणें खरोखर ऐकलें. असे शब्द संग्राहकांनीं अवश्य निराळे नोंदवावे.

२०२१ पासून अंगणवाडीच्या पुष्कळ नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ ह्या साधनानें भ्रमणध्वनीवर होऊं लागल्या आहेत. त्यांत आंकडे राहतात. समासांत लिहिलेलें वाक्य राहात नाहीं. रिकाम्या झालेल्या वह्यांस रद्दीचा भाव येतो, आणि सेविका निवृत्त झाली म्हणजे घरची पेटीहि आवरली जाते. शंभर वर्षांपूर्वींचा महजर ज्यानें जपला तो धन्य. पण आजची वही आजच जपली पाहिजे. मात्र तींत जिवंत मुलांचीं नांवें असतात, म्हणून नक्कल करतांना तीं झांकावीं आणि मूळ वही मालकिणीच्या संमतीनेंच घ्यावी. नांदेड व लातूर येथील संग्राहकांनीं हें काम अंगावर घ्यावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.