गाईविना दूध, दुधाविना कॉफी

खर्डा म्हटले की इतिहासाच्या शिक्षकाला ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात हे गाव आहे. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले अशा साऱ्यांच्या फौजा येथे निजामाविरुद्ध एकत्र आल्या होत्या. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला खरा, पण आत अडकलेल्या फौजेला पाणी आणि दाणावैरण पुरेना. शेवटी त्याला तह करावा लागला. तोफांनी सुरू झालेल्या लढाईचा शेवट रसद तुटल्याने झाला.

स्वयंपाकघरात मात्र खर्डा म्हटले की हिरवी मिरची, लसूण आणि भाजलेले शेंगदाणे घालून तव्यावर खरडलेले झणझणीत तोंडीलावणे आठवते. त्यातली मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकानंतर ती इकडे आली आणि भाकरीबरोबर अशी काही रुळली की आता त्यांना परकी कोण म्हणेल?

या लेखात आपण याच शेंगदाण्याचा एक वेगळा इतिहास पाहणार आहोत. रसद तुटली, म्हणजे दूधच नसले, तर माणूस काय करतो? शेंगदाणा, सोयाबीन किंवा नारळ यांपासून दूध करता येते का? आणि ते कॉफीत घातले तर कॉफी दाट होते की फाटते? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या घरांतली कॉफी म्हणजे बहुधा जायफळ किंवा वेलची घातलेले, कॉफीने रंगवलेले दूधच असते. त्यातून दूध काढले तर उरते काय? म्हणून कॉफीचा पेला ही आपल्या प्रश्नाची चांगली परीक्षा आहे.

दाटपणा कशाचा?

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिने सव्वातीन टक्के. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के असतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे मुलांना ठाऊक असते. मग दुधातला स्निग्धांश वर तवंग होऊन का तरंगत नाही? कारण तो अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात विखुरलेला असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिने व तत्सम पदार्थांचे पातळ आवरण असते. ते थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दुधाचा पांढरा रंगही या थेंबांवरून आणि प्रथिनांच्या कणांवरून प्रकाश विखुरल्यामुळेच दिसतो. जिभेला जाणवणारा मऊ दाटपणाही बराचसा त्यांचाच.

म्हणजे दाटपणा ही काही गाईम्हशीची मक्तेदारी नव्हे. ज्या बीमध्ये तेल आणि प्रथिने दोन्ही आहेत, ते पाण्याबरोबर बारीक वाटले की पायस तयार होते. विज्ञानाने त्याला नाव देण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाकघराने ते ओळखले होते. कोकणात नारळाचा चव वाटून त्याचा रस काढतात. घाटावर उपवासाच्या दिवशी वरीबरोबर दाण्याची आमटी होते. तीही शेंगदाण्याचे पायसच. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासात दूध वर्ज्य असे, तेव्हा सुखवस्तू घरांत बदाम वाटून त्याचे दूध वापरत. चीनमध्ये सोयाबीनचे दूध आणि त्यापासूनचे पनीरसारखे तोफू फार जुने आहे. ली यू-यिंग या चिनी गृहस्थाने १९१० च्या सुमारास पॅरिसजवळ सोयाबीनच्या पदार्थांचा कारखानाच काढला होता. कुठे उपवास, कुठे दुभत्याची टंचाई, अशी कारणे वेगवेगळी. युक्ती मात्र सगळीकडे एकच.

एक व्रत आणि त्याची किंमत

आपल्याकडे या प्रश्नाला स्वतःच्या शरीराची प्रयोगशाळा करून भिडलेला माणूस म्हणजे महात्मा गांधी. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडले. जनावरांचे दूध पिळून काढण्यासाठी होणारे अत्याचार वाचल्यावर त्यांचा निश्चय पक्का झाला होता. त्याच सुमारास, १९१३ साली, ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावर लिहिताना त्यांनी चहा-कॉफीला पर्याय म्हणून गहू लालसर भाजून दळायचा आणि त्याची कॉफी करायची, असे सुचवले. एकीकडे दुधाविना आहार आणि दुसरीकडे कॉफीविना कॉफी!

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः वाटलेले शेंगदाणे आणि लिंबू एवढाच होता. त्यातून जडलेली हगवण बळावली आणि ते मरणाच्या दारात जाऊन आले. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तिथले जड पाणी मानवेना. पुढे १९१९ च्या सुरुवातीस मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाचा आग्रह धरला. गांधीजींनी व्रताची आठवण दिली, तेव्हा कस्तुरबांनी विचारले की शेळीच्या दुधाला तुमची काय हरकत आहे? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते बरे झाले. पण व्रताचे शब्द पाळले, मर्म मात्र मोडले, ही बोचणी त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. प्रयोग फसला, तो का? शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल असते. एवढे तेल आजारी आतड्यांना पेलणारे नव्हते. शिवाय दुधातले ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही शेंगदाण्यात नसते, आणि ब-१२ चा शोध लागला १९४८ साली. ज्या घटकाचे अस्तित्वच ठाऊक नाही, तो भरून कसा काढणार?

तरीही गांधीजींनी प्रश्न सोडला नाही. १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात घालून पाहण्यात आले आणि त्याचे अनुभव ‘हरिजन’मध्ये छापले गेले. बडोदा संस्थानात एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर मोठे पुस्तक लिहिले. संस्थानाच्या छापखान्यातून ते १९३६ साली निघाले. त्यात लागवडीच्या माहितीबरोबर तीनशे पाककृती होत्या. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. तीत त्यांनी मान्य केले की दुधाची जागा पूर्णपणे घेणारी वनस्पती अद्याप सापडलेली नाही. पण वनस्पतिसृष्टी अफाट आहे, तिच्यात असे काही असलेच पाहिजे आणि ते शोधण्याचे काम जाणकारांचे आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

प्रयोगशाळेतले दूध

हे काम जाणकारांनी हाती घेतले होतेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४० च्या दशकात सोयाबीन व शेंगदाणा यांच्या दुधावर संशोधन झाले. त्यातले एक प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन १९५० साली म्हैसूरला स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. याच संस्थेत पुढे ‘मिल्टोन’ तयार झाले. शेंगदाण्यातील प्रथिन वेगळे काढायचे, ते म्हशीच्या दुधात मिसळायचे, वर जीवनसत्त्वे व क्षार घालायचे, आणि आहे तेवढे दूध जास्त मुलांना पुरवायचे, अशी ही कल्पना होती.

ती किती निकडीची होती हे खर्ड्याच्या परिसराला सांगायला नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, अन्नपाण्याची होती. त्यामागून १९७२ चा दुष्काळ आला. जिथे जनावरांना चारा-पाणी नाही, तिथे पोरांना दूध कुठून मिळणार? कोरडवाहू भुईमुगातून ते मिळाले असते तर!

पण दोन गोष्टी आड आल्या. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता दोष त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत निघाला. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने एक विष तयार केले होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर घाला घालते आणि उकळल्याने नष्ट होत नाही. शेंगदाण्याच्या पौष्टिक पदार्थांकडे जग साशंकतेने पाहू लागले. दुसरी गोष्ट आनंदाची. १९७० मध्येच ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, सहकारी संघांचे दूध शहरोशहरी पोहोचू लागले आणि पर्यायी दुधाची निकड मागे पडली. सोयाबीनचे पीक मात्र वाढत गेले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, त्याचे अनेक वाण दिले. पण त्यातले बहुतेक सोयाबीन तेलाच्या गिरणीत गेले, पेल्यात फार थोडे आले.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न शहरी दुकानांतून परत आला आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही. स्वीडनमध्ये लुंड येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात विकराच्या मदतीने ओटचे दूध तयार केले, ते आता कॉफीच्या दुकानांत सर्रास मिळते. पण वेष्टन नीट वाचावे. कॉफीत घालायच्या काही भुकटींवर ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेले असते आणि घटकांत केसिनेट असते. केसिन हे तर दुधातलेच प्रथिन!

पेल्यात काय घडते?

आता वर्गात किंवा घरी करून पाहू या. एक वाटी कच्चे शेंगदाणे घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. कारण वर सांगितलेच आहे. उरलेले सात-आठ तास भिजवा, साले काढा, चार वाट्या पाण्याबरोबर अगदी बारीक वाटा आणि पातळ कापडातून गाळून घ्या. चोथा फेकू नका, तो भाकरीच्या पिठात किंवा चटणीत चालतो. दूध मंद आचेवर ढवळत दहा मिनिटे उकळा. सोयाबीन वापरणार असाल तर ते आधी रात्रभर भिजवा आणि उकळत्या पाण्यात वाटा. सोयाबीनचा उग्र वास एका विकरामुळे येतो आणि उष्णतेने तो विकर निकामी होतो, हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दिसून आले. सोयाबीनचे दूध चांगले उकळलेच पाहिजे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा घटक असतो.

हे दूध कडक कॉफीत एकदम ओतले तर बऱ्याचदा ते फाटते, पेल्यात पांढरे कण तरंगू लागतात. कॉफी आम्लधर्मी आहे, तिचा सामू ५ च्या जवळपास असतो. सोयाबीन आणि शेंगदाणा यांतली प्रमुख प्रथिने सामू साडेचारच्या आसपास आली की त्यांच्यावरील विद्युत्भार संपतो. मग ती एकमेकांना दूर ढकलत नाहीत, गोळा होतात. उष्णतेने हे आणखी लवकर घडते. सोलकढी उकळत नाहीत, त्याचेही कारण हेच आहे. नारळाच्या रसात कोकमाचे आम्ल असते, वर आच दिली की ती फुटते.

कारण कळले की उपायही सुचतात. कॉफीचा अर्क थोडा निवू द्या. दूध गरम करा, पण उकळते नको. मग अर्क दुधात थोडा थोडा घालून ढवळा. दुधात आधी अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आम्लता कमी होते. कारखान्यात याच कामासाठी फॉस्फेटचे क्षार घालतात. दोन भांड्यांत वरून खाली ओतत राहिले की फेसही येतो. मुलांना तीन पेले द्या. एकात नुसते दूध व कॉफी, दुसऱ्यात लिंबाचे दोन थेंब, तिसऱ्यात सोडा. आधी अंदाज लिहायला सांगा, मग ओता. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे मात्र प्रथम विचारून घ्या. तशा मुलाला या प्रयोगापासून दूरच ठेवा.

कॉफी जमली, म्हणून दुधाचा प्रश्न सुटला का? नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या शेंगदाण्याच्या दुधात त्याच्या पाचवा हिस्साही भरणार नाही, आणि ब-१२ अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या कॉफीला ते उत्तम आहे. तान्ह्या मुलाला आईच्या दुधाऐवजी ते पाजणे मात्र धोक्याचे. पांढरे आणि दाट आहे एवढ्याने ते दूध होत नाही. दाटपणा पायसाचा असतो, पोषण घटकांचे असते. या दोहोंतला फरक गांधीजींना अंथरुणाला खिळून शिकावा लागला. आपल्या विद्यार्थ्यांना तो तीन पेल्यांत आणि वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत शिकता येईल.