गोळीचं माहेर परळ

फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यायची, असं आज डॉक्टर सांगतात. तिची कुळकथा मात्र सुरू होते ती दिवस भरत आलेल्या बायकांच्या आजारापासून, आणि तीही गिरण्यांच्या मुंबईत.

बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी परळच्या हाफकिन संस्थेत चालू होती. त्या कामासाठी १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून आल्या. गरीब, कष्टकरी गरोदर बायकांमध्ये एक चमत्कारिक रक्तक्षय दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. नुसत्या लोहाने भागेल असा हा प्रकार नव्हता. विल्स यांनी बायकांच्या ताटात डोकावून पाहिलं. सहकारी एस. एन. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. मग तसंच निकस अन्न उंदरांना घालून पाहिलं. उंदरांना रक्तक्षय झालाही, पण त्यांच्या अंगावरच्या उवांमुळे होणाऱ्या संसर्गाने सगळा हिशेब बिघडवला.

पुढचे प्रयोग माकडांवर झाले आणि तिथे गुण आला तो मार्माइटने. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क इंग्रज लोक पावाला फासून खातात. (चव मात्र ज्याची त्याने ठरवावी.) यकृताचा अर्कही बायकांना लागू पडे, पण तो महाग, मार्माइट स्वस्त. मार्माइटने बायका सुधारल्याचं विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्यातलं नेमकं काय गुण देतं हे कळेपर्यंत त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली टेक्सासच्या संशोधकांनी पालकाच्या ढिगातून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं आणि १९४५पर्यंत अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयारही झालं. तिथल्या संशोधनाची धुरा वाहत होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

इथवर हे आईचं औषध होतं. बाळाचा विषय निघाला लिव्हरपूलमध्ये. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नीट मिटली नाही, तर बाळ कवटी अर्धवट असलेलं किंवा पाठीचा कणा उघडा राहिलेलं जन्मतं. अशा बाळांच्या आयांमध्ये फॉलिक ॲसिडचं गणित बिघडलेलं असावं, असं तिथले डॉक्टर हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ साली मांडलं. विल्स आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

पंचाईत वेळेची होती. ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, तपासणी झाली, दवाखान्यात नाव घातलं, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे औषध द्यायचं ते अजून गरोदर नसलेल्या बाईला.

स्मिथेल्स यांनी आधी नळीचा असा दोष असलेलं मूल झालेल्या आयांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या द्यायचं ठरवलं. तुलनेसाठी काहींना नकली गोळी द्यायला नीतिसमित्यांनी परवानगी नाकारली. मग ज्या बायका आधीच गरोदर होत्या किंवा ज्यांनी गोळ्या नाकारल्या, त्यांच्याशी तुलना झाली. १९८०चे आकडे असे: गोळ्या घेतलेल्यांत ०.६ टक्के बाळांत दोष पुन्हा आला, न घेतलेल्यांत ५ टक्के. आकडे बोलके, पण शंकेखोरांनी विचारलं, गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या असतील तर? शिवाय गोळीत अनेक जीवनसत्त्वं, श्रेय कोणाचं? नीतिसमित्यांनी दयेपोटी दिलेल्या त्या नकाराने उत्तर दशकभर लांबवलं, असं मला वाटतं.

ते उत्तर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या, सात देशांत झालेल्या चाचणीने १९९१ साली दिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा बायकांच्या चार गटांत वाटण्या झाल्या. दोष असलेल्या २७ गर्भांपैकी फॉलिक ॲसिडच्या गटांतले ६, बाकीचे २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. चाचणी मुदतीआधीच थांबवली. पुढच्याच वर्षी हंगेरीत संशोधक चाइझेल यांनी दाखवलं, की आधी असं मूल न झालेल्या बायकांनाही फॉलिक ॲसिडयुक्त जीवनसत्त्वांचा उपयोग होतो. म्हणून गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, हा आजचा सर्वसाधारण सल्ला. आधी असं मूल झालं असेल तर मात्रा कितीतरी मोठी लागते, ती डॉक्टरांनी ठरवायची.

पण ठरवून आई होणाऱ्या बायका किती? अमेरिकेने १९९८पासून पिठातच फॉलिक ॲसिड मिसळणं सक्तीचं केलं. ज्या ब्रिटनच्या संशोधकांनी फॉलिक ॲसिडचा गुण सिद्ध केला, त्या ब्रिटनने पिठाबद्दलचा तसा निर्णय जाहीर केला २०२१ साली.