भास्कराचार्य, फर्मा आणि एकसष्टाचें कोडें

एखादी नवी कल्पना सुचावी, तिच्या आनंदांत चार रात्री झोंप लागूं नये, आणि पांचव्या दिवशीं एखाद्या जुन्या ग्रंथांत तीच कल्पना आपल्याहून नेटकेपणानें मांडलेली आढळावी, हा अनुभव ज्यास आला आहे त्यास त्या क्षणाची खिन्नता सांगावयास नको. अवघें जग व्यासांचें उष्टें आहे, असें आपले वडील लोक म्हणत. परंतु तें वचन दुसऱ्याविषयीं ऐकतांना जितकें गोड लागतें, तितकें स्वतःवर प्रसंग आला म्हणजे लागत नाहीं. अशा वेळीं आपले श्रम व्यर्थ गेले असें समजावें काय, याचा विचार करण्यास गणिताच्या इतिहासांतील एक प्रकरण फार उपयोगी आहे. आणि त्याचा एक धागा बीड प्रांताशीं येऊन पोंचतो.

भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत स्वतःविषयीं थोडी माहिती दिली आहे. शके 1036, म्हणजे इ. स. 1114, हें त्यांचें जन्मवर्ष. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं हा ग्रंथ रचला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. आणि गांव सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड. हें विज्जडविड कोणतें, हा विद्वानांतील जुना वाद आहे. कोणी नामसादृश्यावरून बीड म्हणतात, कोणी विजापूर म्हणतात. कोणी चाळीसगांवाजवळच्या पाटणाकडे बोट दाखवितात; कारण आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा, तेराव्या शतकाच्या आरंभींचा, शिलालेख तेथें आहे, व तो डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. बिंदुसरेच्या कांठीं राहणाऱ्याचें मन अर्थातच पहिल्या पक्षाकडे झुकतें. थोर पुरुष कोणत्या गांवचा, हा वाद, आणि थोर कल्पना प्रथम कोणाची, हा वाद, हे दोन्ही एकाच अभिमानाच्या पोटीं जन्म घेतात. आपणांस आज दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

आचार्यांच्या बीजगणितांत वर्गप्रकृति नांवाचें प्रकरण आहे. त्यांतील एक प्रश्न असा: ज्या पूर्णांकाचा वर्ग 61 नें गुणून त्यांत 1 मिळविला असतां पुन्हा पूर्ण वर्गच येतो, असा पूर्णांक कोणता? 61 च्या जागीं 60 असते, तर घरांतील शाळकरी मुलानेंही उत्तर काढलें असतें. 4 चा वर्ग 16, त्याची 60 पट 960, त्यांत 1 मिळवितां 961, आणि हा 31 चा वर्ग. 62 असते, तर 8 नें काम भागतें. परंतु मधल्या 61 चें सर्वांत लहान उत्तर 22,61,53,980 हें आहे! त्याच्या वर्गाची 61 पट करून 1 मिळविला म्हणजे 1,76,63,19,049 चा वर्ग येतो. एकेक संख्या घालून पाहणाऱ्याचा जन्म सरेल.

आचार्यांनीं हें उत्तर चक्रवाल नांवाच्या रीतीनें काढलें आहे. 61 ला जवळचा वर्ग 64. म्हणजे 1 च्या वर्गाच्या 61 पटींत 3 मिळविले तर 8 चा वर्ग होतो. येथून एक फेरा घेतला कीं दुसरी जोडी मिळते: 5 च्या वर्गाच्या 61 पटींतून 4 वजा केले असतां 39 चा वर्ग. अशा दोन जोड्यांपासून तिसरी बनविण्याची भावना नांवाची युक्ति ब्रह्मगुप्तानें इ. स. 628 मध्यें सांगून ठेविली होती. ती पुढें योजिली म्हणजे इष्ट उत्तर हातीं येतें.

यानंतर पांचशें वर्षांनीं, इ. स. 1657 च्या आरंभीं, फ्रान्स देशांतील गणिती फर्मा यांनीं हाच प्रश्न युरोपांतील गणितज्ञांपुढें आव्हान म्हणून टाकिला. फ्रेनिक्ल नामक गणितज्ञास लिहितांना तर, फार त्रास पडूं नये म्हणून 61 व 109 एवढ्याच संख्या घेऊन पाहा, अशी त्यांनीं मिस्किल सूचना केली. इंग्लंडांत ब्रौंकर व वॉलिस यांनीं रीत शोधून काढली. आणि पुढें ऑयलरच्या चुकीनें या समीकरणास, त्याच्याशीं फारसा संबंध नसलेल्या, पेलचें नांव चिकटलें. 1813 सालीं स्ट्रॅची यांनीं फारशी भाषांतरावरून, व 1817 सालीं कोलब्रूक यांनीं मूळ संस्कृतावरून, बीजगणित इंग्रजींत आणिलें. तेव्हां युरोपांतील जिज्ञासूंस दिसून आलें कीं, फर्माचें कोडें, आणि तेंही त्याच 61 या आंकड्यासह, दक्षिणेंत केव्हांच सुटलेलें आहे.

आंकडासुद्धां तोच पाहून चोरीचा संशय कोणासही येईल. पण तो टिकत नाहीं. शंभराच्या आंतील संख्यांत 61 चेंच उत्तर सर्वांत मोठें. आणि त्याहून मोठें उत्तर देणारी पुढची पहिली संख्या 109. दोघेही दिसावयास सोपा व करावयास कठीण असा प्रश्न शोधीत होते, आणि संख्यांच्या स्वभावानेंच दोघांस एका जागीं आणून सोडलें. बालाघाटाच्या डोंगरांतून दोन अपरिचित वाटसरू वेगवेगळ्या काळीं वाट काढूं लागले, आणि दोघांस एकच खिंड सांपडली, तर दुसऱ्यानें पहिल्याची खिंड चोरली असें कोणी म्हणत नाहीं. खिंड तेथेंच आहे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

ही हकीकत वाचून आमच्या लोकांची छाती फुगते, व तें स्वाभाविक आहे. हांकेल या जर्मन इतिहासकारानें 1874 मध्यें चक्रवालाची मोठी स्तुति केली, त्या स्तुतीचा उल्लेख आपण आनंदानें करितों. परंतु 1954 सालीं कृपाशंकर शुक्ल यांनीं एक नवी गोष्ट उजेडांत आणिली. उदयदिवाकराच्या 1073 सालच्या टीकेंत जयदेव नांवाच्या गणितज्ञाचे श्लोक उतरून घेतलेले आहेत, आणि त्यांत चक्रवाल रीत आहे. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वीं निदान एकेचाळीस वर्षें ती रीत शब्दांत बांधलेली होती. जो न्याय आपण फर्मास लाविला, तोच आतां आपल्या आचार्यांस लावण्याची वेळ आली.

या ठिकाणीं आचार्यांची थोरवी खरी दिसते. चक्रवाल आपण शोधिलें असें त्यांनीं म्हटलेलेंच नाहीं. तें नांव त्यांनीं पूर्वापार चालत आलेलें म्हणून दिलें. बीजगणिताच्या समाप्तींत ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांचे विस्तृत ग्रंथ पाहून त्यांतील सार आपण शिष्यांसाठीं काढलें, असें ते सांगतात. पहिलेपणाचा मान त्यांस आम्ही दिला. त्यांनीं मागितला नव्हता. म्हणूनच जयदेवाचे श्लोक सांपडल्यानें त्यांचें कांहींच गेलें नाहीं. गेला तो आमचा पोकळ अभिमान.

शिवाय, मागून येणाऱ्यास करावयास कांहीं उरत नाहीं, हेंही खोटें. ब्रह्मगुप्ताची भावना हातीं असूनही चक्राचा फेरा कोणास तरी शोधावा लागलाच. आचार्यांनीं उत्तर काढून दाखविलें. पण वर्ग नसलेली कोणतीही संख्या घेतली तरी असें उत्तर निघतेंच, याची सिद्धता 1768 च्या सुमारास लाग्रांझ यांनीं दिली. त्यांस आमचे पूर्वसूरि ठाऊक नव्हते. तरीही त्यांच्या कामास तेणेंकरून उणेपणा येत नाहीं.

तेव्हां आपली कल्पना दुसऱ्याच्या ग्रंथांत भेटली, तर तोंड लपवूं नये आणि ग्रंथही लपवूं नये. त्या पूर्वजाचें नांव आपल्या लेखांत प्रथम घालावें, आणि त्यानें काम कोठें सोडलें आहे तें पाहून तेथून पुढें चालूं लागावें. विज्जडविड बीड ठरो वा न ठरो, त्या नगरांतील गुरुगृहाचा एवढा वारसा घेण्यास कोणत्याही शिलालेखाची वाट पाहावी लागत नाहीं.